कोरडी गाडी

एकोणीसशे शहात्तर साल. मी अठरा वर्षांचा होतो. त्या साली आमच्या घरी मोटार आली, आणि ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, दारात मोटार उभी आहे हे बघायला सावली गावच्या बाजारातून लोक वाट वाकडी करून येत. ती मोटार आता नाही. तिची मागची सीट आहे, लाल चामड्याची, जागोजाग ठिगळं लावलेली. ओसरीत दगडांवर ठेवली आहे, आणि तिच्यावर बसूनच हे लिहितो. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो. पण लिहिता येतं, आणि लिहितो ते खरं लिहितो. शुद्ध आहे की नाही ते ज्याला बघायचं त्यानं बघावं.

हे लिहायला बसण्याचं कारण माझा नातू पंकज. तो नागपूरला नोकरीला आहे. मागं आला तो मोबाईलमध्ये गाड्या घेऊनच आला. मोठ्या लोकांच्या वापरलेल्या गाड्या, जर्मनीच्या, काचेसारख्या चकचकीत. नवी घ्यायची तर त्याचा पगार पुरायचा नाही, पण चार-पाच वर्षं कोणी फिरवलेली असली तर हात पोचतो म्हणे. "आबा, हे पाहा, हिचं छत उघडते. आन हे थोडी जुनी हाय पण मोठी हाय. कोनती घेऊ?" मी विचारलं, खालून पाह्यली का? तो हसला. "खालून कोन पाह्यते आबा, आता रिपोर्ट येते." त्याची आईही चुलीकडून हसली. मी हसलो नाही. खालून पाहणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे. न पाहणाऱ्याचं काय होतं ते बघायला मी राहतो की नाही, कोणास ठाऊक.

आमचं घर तेव्हाही इथंच होतं, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मातीचं. घराला दार कमी आणि जाळी जास्त. वळणीवर जाळं, छपरावर जाळं, माय भात शिजवायची तिच्या डोक्यावरही जाळं टांगलेलं. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोट्या असतात. वारा सुटला की त्या एकमेकीवर आपटत, आणि मी लहानपणी समजत होतो की सगळ्यांच्या घरात असाच आवाज असतो. परगावी पहिल्यांदा राहिलो तेव्हा मला झोप आली नाही, घर मुकं वाटलं. जेवायला भात, लाखोळीची डाळ, आणि जे पाण्यातून निघालं ते. मरळ निघाली तर ती बाजारात जायची. आम्हाला झिंगे आणि काटेरी बारकी मासोळी. माय ती अंबाडीच्या भाजीत टाकून अशी शिजवायची की काटेही चावून जात. अंगाला वास यायचा. येणारच. दिवाळीनंतर तलावातले शिंगाडे निघत, तेव्हा महिनाभर सगळ्यांची बोटं काळी. माझी बहीण कौसल्या, माझ्याहून मोठी, ती बाजाराच्या दिवशी लिंबाच्या सालीनं बोटं घासत बसायची आणि मग पदराखाली लपवायची. बा तिला म्हणायचा, "कोनापासून लपवतं? त्याच बोटाईनं घर चालून राह्यलं."

बा म्हणजे माझा बाप. बुटका, पायानं फेंगडा, आणि हट्टी. माझ्यात जो हट्ट आहे तो त्याचा अर्धाही नाही. डोंगा घेण्यात त्याचा हात धरणारा आमच्या मोहल्ल्यात कोणी नव्हता. डोंगा म्हणजे आमची एका लाकडाची होडी. नवा करणं परवडत नाही, जुनाच घ्यावा लागतो, आणि जुना डोंगा वरून कितीही देखणा असला तरी माणसाला तळात बुडवतो. बा आधी डोंगा पालथा घालायला लावायचा. बोटाच्या पेरानं तळ ठोकत जायचा. मग तो सरळ करून त्यात काठोकाठ पाणी भरायचा, खाली धोतराचा तुकडा अंथरायचा आणि विडी ओढत बसायचा, सकाळचा बसला की उन्हं उतरेपर्यंत. तुकडा ओला झाला तर उठून चालू लागायचा. कोरडा राहिला तर सौद्याचा हात पुढं करायचा. त्यानं निवडलेला एकही डोंगा कधी गळला नाही. गावोगावचे ढिवर त्याला डोंगा बघायला बोलवून न्यायचे आणि कोंबडं खाऊ घालायचे.

कौसीचं साक्षगंध झालं ते चामोर्शीकडच्या माणसांत. माणसं आमच्याच जातीची, पण त्यांनी जाळं सोडलं होतं. मुलाच्या बापाकडे धानाची शेती होती, ट्रॅक्टर होता, पायात बूट होते. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. तर हा इवाई साक्षगंधाच्या पंगतीत जेवून उठला, हात धुतले, हाताचा वास घेतला आणि चार लोकांत म्हणाला, "नवरीले न्याले आमचा ट्रॅक्टर येईन. ट्रालीत धानाचं तनस टाकतो, वरून ताडपत्री टाकतो. मासोळ्याचा वास आमच्या ट्रालीले नाई लागला पाह्यजे, मंग धान कोन घेईन?" लोक हसले. मस्करीच होती, लग्नाच्या बोलणीत चालते. पण आत कौसी बसली होती, आणि भिंत मातीची असली तरी कान काही मातीचे नसतात. बानं हातातलं पान खाली ठेवलं. म्हणाला, "इवाई, माह्या दारातून माही पोरगी घरच्या मोटारीत निंगन. भाड्याच्या नाई, घरच्या. ठेकेदाराची असते तशी." इवाई म्हणाला, "पाहू." एवढंच.

बा एकदा बोलला की ते बोलणं आमच्या घरात भिंतीसारखं उभं राहायचं, सगळ्यांना त्याच्या बाजूनं वळून जावं लागायचं. माय दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हातातले चांदीचे गोठ काढून त्याच्यापुढं ठेवले. शिंगाड्याचे पैसे होते, मागच्या उन्हाळ्यातल्या मासोळीचे होते, त्यात हे. सगळं मिळून किती, ते लिहीत नाही. त्यात नवी मोटार येत नव्हती आणि जुनी येईल की नाही याची शंका होती, एवढं समजून घ्या.

होळी झाल्यावर आम्ही चांद्याला गेलो. चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणतो. बा, मी आणि नथ्थूभाऊ. नथ्थूभाऊ लाकडाच्या डेपोवर ट्रक चालवायचा, आमच्या गावचाच, तोंडानं फटकळ. त्यानंच पत्ता काढला होता. एक मोठा लाकडाचा ठेकेदार वारला होता आणि त्याची बाई त्याच्या दोन मोटारी विकत होती. वाड्याच्या मागं शेड होतं. एक मोटार बाहेर उभी होती, पांढरी अम्बॅसेडर, मडगार्ड चेपलेलं, रोज चालणारी. बाई स्वतः तीतच बाजाराला जायच्या. दुसरी आत, ताडपत्रीखाली, चाकांच्या जागी विटांवर. बाईंनी ताडपत्री काढायला लावली आणि धूळ खाली बसल्यावर ती दिसली. विलायतेची गाडी. काळी, लांब, नाकावर चांदीसारखं काहीतरी, आत लाल चामडं आणि समोर पॉलिश केलेलं लाकूड. त्या लाकडावर मी हात ठेवला. आमच्या घरात एवढं गुळगुळीत काही नव्हतं, माणूससुद्धा नाही.

बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "साहेब होते तोवर ही चालली. नंतर उभी केली. आता चालेल की नाही मी सांगू शकत नाही. म्हणून तर त्या पांढरीच्याच भावात देते." नथ्थूभाऊनं बाला बाजूला घेतलं. "काका, तुमच्या पैशात दोन गाड्या हायेत. एक चालते, एक दिसते. चालते ते घ्या." बा म्हणाला, "खालून पाहू." नथ्थूभाऊला वाटलं मस्करी आहे. पण बानं डोक्याला गुंडाळलेलं धोतर सोडलं, मधोमध फाडलं, अर्धं पांढरीच्या खाली अंथरलं, अर्धं काळीच्या खाली, आणि शेडच्या दाराशी विडी पेटवून बसला. बाईंनी चहा पाठवला. दुपार झाली. बाईंनी पुन्हा चहा पाठवला, या वेळी गड्याबरोबर निरोपही: यांना काय हवं आहे ते एकदा विचारून ये. उन्हं उतरल्यावर बा गुडघ्यावर रांगत गेला आणि दोन्ही तुकडे ओढून आणले. पांढरीखालच्या तुकड्यावर काळे थेंब पडले होते, रुपयाएवढे. काळीखालचा तुकडा घडी मोडावी तसा कोरा.

"हे गळते," बा म्हणाला.

"काका, तिच्यात तेल हाय म्हून गळते. ते जित्ती हाय, तिले घाम येते. या काळीचं तेल तं काढून ठेवलं असन. नाई त्याचं गळन काय?"

"तळ सुका तं माल पक्का."

"अरे बाप्पा, हा डोंगा नोहे."

बानं दोन्ही तुकडे त्याच्यापुढं धरले. मलाही तेव्हा बाचंच पटलं. डोळ्यांसमोर होतं ना, एक तुकडा काळा आणि एक पांढरा. आजही कोणी ते दोन तुकडे माझ्यापुढं टाकले तर मी कोऱ्याकडेच हात नेईन, इतकं ते हाडात आहे. बानं हात पुढं केला आणि बाईंनी, जरा दचकून, नमस्कार केला.

गाडी घरी आणायलाच बरेच दिवस गेले. नथ्थूभाऊनं चाकं चढवली, कुठली तरी बॅटरी आणली, तेल भरलं, पाणी भरलं, आणि डेपोच्या पोरांनी ढकलल्यावर ती मोठ्यानं खोकून सुरू झाली. सावलीच्या रस्त्यानं आम्ही बैलाच्या चालीनं आलो. बा पुढं बसला होता, पाठ ताठ, टेकून बसला नाही. चामडं मळेल म्हणून. पाळीवर मोहल्ला जमला. मायनं गाडीच्या नाकाला कुंकू लावलं, भोवती फिरली, आत डोकावली आणि म्हणाली, "आता याच्यात कोनी मासोळीची टोपली ठेवून तं पाहा." कौसीला आत बसायला सांगितलं तर ती आधी हात धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली हे तेलाचं थारोळं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे आतले रबर वाळून जातात, नथ्थूभाऊ म्हणाला. तेल नव्हतं तोवर कोरडी, तेल घातलं की चाळणी. दुरुस्तीला नागपूरला न्यावी लागेल आणि त्यात आणखी एक गाडी येईल.  बानं मातीकामाचं घमेलं आणलं आणि गाडीखाली सरकवलं. तेव्हापासून रोज सकाळी, तलावावर जायच्या आधी, तो घमेल्यात साचलेलं तेल फडक्यानं गाळून परत गाडीत ओतायचा. आयुष्यभर डोंग्यात आलेलं पाणी उपसून बाहेर टाकलं, आता बाहेर आलेलं उपसून आत टाकत होता. त्याची पाठ त्या दिवसांत वाकली असं मला वाटतं. माय सांगायची की ती आधीच वाकली होती, मी बघितलं नव्हतं.

लग्न वैशाखात होतं. लग्नघरात भांडी कधी पुरत नाहीत. कोणीतरी बाईनं ते घमेलं ओढून काढलं, तेल उकिरड्यावर ओतलं, राखेनं घमेलं घासलं आणि त्यात पंगतीसाठी भात काढला. कोण ती, ते आजवर कळलं नाही. प्रत्येक बाई दुसरीचं नाव सांगते. इवायाच्या पंगतीत एक म्हातारा घास तोंडात धरून बाला म्हणाला, "इवाई, भातात राकेल टाकता का तुम्ही?" तेव्हा आम्ही त्याला चावट समजलो. अक्षता पडल्या, जेवणं झाली, बिदाईची वेळ आली. कौसी आणि जावई मागच्या सीटवर, म्हणजे याच सीटवर, बसले. जावयाचं नाव मारोती. नथ्थूभाऊ स्टिअरिंगवर बसला आणि खिडकीतून विचारलं, "काका, तेल टाकलं ना सकाळी?"

बा सकाळपासून मांडवात होता. त्यानं टाकलं नव्हतं. पण त्याच्या खांद्याला खांदा लावून इवाई उभा होता, आणि रोज सकाळी तेल टाकावं लागतं हे त्याच्यासमोर बाला बोलायचं नव्हतं. "भरलेली हाय," बा म्हणाला. "चाल."

गाडी निघाली. वाजंत्री पुढं. मोहल्ल्यातून नीट गेली, पाळीच्या चढावर आली, आणि तिथं आतून असा आवाज आला की बैलाचं शिंग मोडावं. मग काही नाही. नथ्थूभाऊनं खूप खटपट केली. खाली उतरला, वाकून पाहिलं, आणि बाच्या जवळ येऊन हळू म्हणाला, "बसली काका. आता नाई उठत." वाजंत्रीवाले थोडं वाजवून थांबले. इवायाचा ट्रॅक्टर मागंच होता, ट्रालीत तनस टाकलेलं. इवाई म्हणाला, "चला, उतरा नवरा-नवरी. उनाचं काऊन बसवता." त्यात टोमणाही नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

बा चढावर उभा होता. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. त्यानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "शिवेपर्यंत माहं गाव हाय. तिथपर्यंत पोरगी गाडीतच जाईन." मग मला म्हणाला, "मोठ्या जाळ्याचा दोर आन."

उन्हाळ्यात तलाव आटला की आम्ही एकच मोठं जाळं टाकतो आणि सगळा मोहल्ला मिळून ते ओढतो. त्याचे दोर मनगटाएवढे. मी ते आणले, नथ्थूभाऊनं गाडीच्या पुढच्या लोखंडाला बांधले, आणि लग्नाचे नवे कपडे घातलेली माणसं दोन रांगांत उभी राहिली, जाळ्याला राहतात तशी. ओढताना एक हाक असते. एकजण विचारतो, "येते का?" बाकीचे म्हणतात, "येते." एवढीच हाक, आणि तिच्यावर सगळ्यांचा जोर एका वेळी पडतो. बानं विचारलं, "येते का?" आम्ही म्हटलं, "येते." गाडी हलली. पुन्हा. चढ जबर होता आणि विलायतेचं लोखंड जड. अर्ध्या चढावर पाय घसरायला लागले. तेव्हा मागचं दार उघडलं आणि मारोती खाली उतरला. मुंडावळ्या कपाळावर सरकवल्या, माझ्या मागं येऊन दोर धरला. त्याच्या बापानं हाक मारली, "अरे, नवरदेव हायस तू." त्यानं ऐकलं नाही. बानं विचारलं, "येते का?" आणि माझ्या कानामागं तो आमच्या सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी म्हणाला, "येते." जाळं सोडलेल्या घरातल्या पोराला ती हाक कुठून आली? कोणी तरी शिकवली असणार, लहानपणी, खेळता खेळता. मी मान वळवून इवायाकडं पाहिलं. तो ट्रॅक्टरपाशी उभा होता, बूट काढून हातात घेतलेले. मग त्यानं बूट ट्रालीत टाकले आणि रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. पायाची पकड त्याची अजून चांगली होती.

कौसी आता म्हातारी झाली. मारोती जाऊन बरीच वर्षं झाली. इथं आली की याच सीटवर बसते. मी एकदा तिला म्हटलं, राणीवानी गेली तू त्या दिवशी. ती म्हणाली, "कायची राणी. मले आतून निस्त्या पाठी दिसत होत्या, घामानं भिजलेल्या. बाची, तुही, माह्या नवऱ्याची. मी पूर्ण रस्ता रडली, आन तुमाले वाटलं सासरी जाऊन राह्यली म्हून."

शिवेवर ती गाडीतून उतरली आणि ट्रालीत चढली. इवायानं ताडपत्री टाकली नाही. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तसे लोक घरी परतले, सगळ्यांचे तळहात सोलले होते. गाडी तिथंच राहिली, आणि दोर तिला तसाच बांधलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर सोडायला शिवेवर गेलो. जाळं टाकायचं होतं, लग्नासाठी ते पुढं ढकललेलं. बा माझ्या आधी तिथं होता. गाडीच्या सावलीत मातीवर बसला होता, आणि खाली त्यानं धोतराचा तुकडा अंथरला होता. कधीपासून, ते विचारलं नाही. त्यानं तुकडा ओढला, उलटसुलट करून पाहिला.

"कोरडी हाय," तो म्हणाला.

मी गाठीला हात घातला. सगळ्या मोहल्ल्याच्या ओढीनं ती दगड झाली होती. बा म्हणाला, "सुटत नाई ते. काप." मी म्हटलं, "नाई." जाळं शिवायचं दाभण माझ्याकडं होतं. मी खाली बसलो आणि गाठीत दाभण घालून एकेक पेड सैल करू लागलो. बोटांची सालं आधीच गेलेली. बा बघत राहिला, मग सरकून शेजारी आला आणि दोराचं दुसरं टोक धरलं, मला ढील मिळावी म्हणून. ऊन चढलं तेव्हा गाठ सुटली. दोर कुठंच कापावा लागला नाही. मी त्याची गुंडाळी करून खांद्यावर घेतली, आणि आम्ही दोघं तलावाकडं गेलो.